कोर्सचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी समोर घ्या

वाचकाचं पत्र: माझं वय ४३. तीन महिन्यांत राजीनामा देऊन योगशिक्षिका व्हायचं ठरवलंय. सध्या हातात ६० हजार येतात. २०० तासांचा निवासी कोर्स १ लाख ८० हजारांचा आहे. तो १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा, की ६ लाखांच्या एफडीतून पैसे काढावेत? पुढे सोसायटीच्या हॉलमध्ये २० जणांच्या तीन बॅच, महिना १,५०० रुपये फी असा विचार आहे. शिवाय ज्येष्ठांसाठी आठवड्यातून दोनदा मोफत वर्ग. यजमानांचा पगार हातात ७२ हजार, घरखर्च ४८ हजार, गृहकर्जाचा हप्ता २६ हजार. मुलगा अकरावीत, सासूबाई ७२ वर्षांच्या. बँकेतल्या सरांनी दोन वर्षांपूर्वी १० टक्के परताव्याचा गॅरंटीड इन्कम प्लॅन दिलाय, तो नोकरी सोडल्यावर आधाराला आहेच. माहितीपत्रक जोडलं आहे. मेडिक्लेम ऑफिसचा आहे, सगळे त्यातच आहेत. मला बीपीची गोळी चालू आहे. आणि हो, २० मॅट आधीच घेऊन ठेवू का?

उत्तर:

ताई, प्रश्न तुम्ही १ लाख ८० हजारांचा विचारलात, पण घोळ २४ लाखांचा आहे. तो त्या गॅरंटीड इन्कम प्लॅनच्या जोडलेल्या माहितीपत्रकात आहे, तिथूनच सुरुवात करू.

वर्षाला २ लाख ४० हजार, असे १० हप्ते. पहिला हप्ता ४१ व्या वर्षी गेला, पहिला परतावा १२ वर्षांनी, म्हणजे तुमच्या ५३ व्या वर्षी. नोकरी सोडल्यावर जो ‘आधाराला’ येणार म्हणता, तो पुढची १० वर्षं एक पैसा देणार नाही. उलट आणखी ८ हप्ते, १९ लाख २० हजार रुपये, तुमच्याकडूनच घेणार आहे. महिन्याला २० हजार झाले. हे सरांनी सांगितलं नसेल, आणि तुम्ही राजीनामा देणार आहात का, हे त्यांनी विचारलं नसेल.

आता त्यांचे १० टक्के. भरायचे २४ लाख, मिळायचे वर्षाला ४ लाख ८० हजार याप्रमाणे १० वर्षांत ४८ लाख. फायदा २४ लाख, भागिले १० वर्षं, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार; २४ लाखांवर झाले १० टक्के! हा हिशेब ऐकून ऐकून कान किटले. प्रत्येक हप्ता बरोबर १२ वर्षांनी दुप्पट होऊन परत येतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वार्षिक दर साधारण कळतो: ७२ ला १२ ने भागा, ६ टक्के. काटेकोर काढलं तर त्याहून जरा कमीच. ६ टक्के हमी हा काही दरोडा नाही. पण ज्या बाईचा पगार थांबणार आहे तिच्या गळ्यात १० वर्षांची हप्त्यांची बांधिलकी मारणं, ही सरळसरळ चुकीची विक्री आहे. ‘८०सी’चं आमिषही दाखवलं असेल. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, आणि योगवर्गाच्या उत्पन्नावर तुम्हाला कर लागायची वेळ इतक्यात येणारही नाही.

मग सरेंडर करायची, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे परत घ्यायचे का? नाही. दोन हप्त्यांनंतर किमान सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या ३० टक्के असतं. ४ लाख ८० हजारांचे १ लाख ४४ हजार. विशेष सरेंडर मूल्य (कंपनी पुढच्या लाभांवरून काढते ते) जास्त निघू शकतं, म्हणून दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. पण आधी ‘पेड-अप’ बघा: हप्ते थांबवायचे, पॉलिसी राहू द्यायची, आणि १० पैकी २ हप्त्यांच्या प्रमाणात लाभ घ्यायचा. साधारण वर्षाला ९६ हजार, ५३ व्या वर्षापासून १० वर्षं. ७ टक्क्यांनी आजची किंमत काढली तर साडेतीन लाखांच्या आसपास. १ लाख ४४ हजारांपेक्षा केव्हाही बरं. पेड-अपचं नेमकं सूत्र तुमच्या पॉलिसीच्या कागदात असेल, ते वाचल्याशिवाय सही करू नका. सर म्हणतील, पॉलिसी बंद पडेल, सगळं जाईल. थकलेले हप्ते व्याजासह भरून पाच वर्षांत ती पुन्हा चालू करता येते, हे त्यांना तुम्हीच सांगा. पेड-अप झाल्यावर विमाकवचही त्याच प्रमाणात घटतं. ते तसंही पुरेसं नव्हतं. गृहकर्जाचा भार आता एकट्या यजमानांवर येणार, तेव्हा त्यांचा टर्म इन्शुरन्स आहे का, ते तपासा. पत्रात त्याचा उल्लेख नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत: मेडिक्लेम ऑफिसचा आहे. कामाचा शेवटचा दिवस संपला की तो गेला. ग्रुप पॉलिसीत बीपी बहुतेक पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. बाजारात नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ लागू शकतो, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही. म्हणून राजीनाम्याचं पत्र देण्याआधी त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे पूर्ण केलेला काळ वजा धरला जातो. दुसऱ्या कंपनीची घ्यायची असेल तर ती आजच घ्या. नोकरी आहे तोवर ऑफिसचं कवच हाताशी राहील आणि तिकडे घड्याळ सुरू होईल. बीपीची गोळी अर्जात लिहा. लपवलेली गोळी क्लेमच्या वेळी बाहेर येतेच. तुम्ही दोघं आणि मुलगा, १० लाखांचं कवच, महिना ३ हजार धरू. सासूबाईंना वयाच्या ७० नंतर आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कवच मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आधार घेऊन कार्ड काढा. फक्त जवळची कोणती रुग्णालयं त्या यादीत आहेत, ते आधी बघून ठेवा.

आता योगवर्गातून येणारे तुमचे महिन्याचे ९० हजार. ६० जण, सगळे वर्षभर, सगळे फी वेळेवर देणारे? सकाळची ६ ची बॅच भरते, ७ ची निम्मी भरते, संध्याकाळची कशीबशी चालते. जानेवारीत आणि २१ जूनच्या आसपास गर्दी, मे महिन्यात आणि दिवाळीत शुकशुकाट. पहिल्या वर्षी तिन्ही मिळून २५ जण आणि १,२०० रुपये फी धरा. ३० हजार महिना, पण वर्षात १० महिनेच: ३ लाख. हॉलचं भाडं ७ हजार धरलं तर ते मात्र १२ महिने: ८४ हजार. उरले २ लाख १६ हजार, महिन्याला १८ हजार.

घरात तुमच्या पगाराशिवाय आजच २ हजार कमी पडतात. त्यात मेडिक्लेमचे ३ आणि पॉलिसीचे २० मिळवा: २५ हजार हवेत, येणार १८. पॉलिसी पेड-अप केली की लागतात ५, हातात राहतात १३. तुमची योगशिक्षिका होण्याची इच्छा परवडते. ती पॉलिसीसकट परवडत नाही.

ईएमआयबद्दल थोडक्यात. महिना १५ हजारांचा हप्ता, तोही पगार थांबल्यावर? नको. नो-कॉस्टमध्ये रोख भरल्यावर मिळाली असती ती सवलत बहुधा गेलेली असते. एफडीलाही हात लावू नका, तो घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून आठ महिन्यांचा खर्च आहे. शनिवार-रविवारचा २०० तासांचा वर्ग नोकरीत असतानाच पगारातून करा, राजीनामा सहा-आठ महिने पुढे ढकला. निवासी कोर्समध्ये २८ दिवसांत २०० तास म्हणजे रोज सात तासांहून अधिक; ज्यांचा नियमित सराव नाही त्यांची मनगटं आणि मांडीमागचे स्नायू दुसऱ्याच आठवड्यात बोलू लागतात.

योग शिकवायला आपल्याकडे कायद्याने परवाना लागत नाही. सोसायटीत प्रमाणपत्र कुणी विचारणार नाही, शाळा आणि कंपन्या विचारतील. तिथे आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा उपयोगी पडते: पहिली पातळी २०० तासांची, वेलनेस इन्स्ट्रक्टरची ४०० तासांची. योगा अलायन्स ही अमेरिकेतली नोंदणी संस्था आहे. परदेशी विद्यार्थी घ्यायचे नसतील तर तिची वार्षिक फी कशाला भरायची?

ज्येष्ठांचा मोफत वर्ग जरूर ठेवा, पण फुकट नको: सोसायटी कमिटीला सांगा, त्या बदल्यात बाकीच्या बॅचना हॉल बिनभाड्याने द्या. एका वर्षाचं लेखी घ्या. जमलं तर वर्षाचे ८४ हजार वाचले, जे पहिल्या वर्षी कुठल्याही जाहिरातीतून मिळणार नाहीत. प्रत्येकाकडून तब्येतीचा फॉर्म भरून घ्या. बीपी आणि काचबिंदू असलेल्यांना डोकं खाली जाणारी आसनं नकोत, ठिसूळ हाडांच्या आजींना पुढे खोल वाकवू नका. खुर्चीवरचे प्रकार शिकून ठेवा. आणि फी तीन महिन्यांची आगाऊ घ्या. महिन्याची घेतली की ‘या महिन्यात चारच दिवस आले’ हा वाद दर महिन्याला.

२० मॅट घेऊ नका. लोक आपापल्या आणतात. विसरणाऱ्यांसाठी चार पुरेत.