कोर्सचे १४ लाख की मुंबईतले २७ महिने?

प्रश्न: मी २७ वर्षांची, मूळची सांगलीची. पुण्यात एका आयटी कंपनीत ४ वर्षं ४ महिने झाले. हातात ५२,००० येतात, मूळ पगार २८,०००, महिन्याला २०,००० वाचतात. एफडीत ४.६ लाख, म्युच्युअल फंडात २.२ लाख आणि ईपीएफमध्ये २.४ लाख आहेत. दोन वर्षं नोकरी सांभाळून मित्रांचे लघुपट एडिट करते आहे आणि आता फिल्म एडिटरच व्हायचं ठरवलं आहे. मुंबईतल्या एका खासगी संस्थेत वर्षभराचा कोर्स आहे, फी १४ लाख. महिनाअखेर १ लाख भरले तरच जागा पक्की. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. ते सांगलीचं घर तारण ठेवायला तयार आहेत. दुसरीकडे अंधेरीतल्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत ओळखीतून असिस्टंट एडिटरचं काम मिळू शकतं, महिना १८,०००. कोर्स करू की थेट काम धरू? आई म्हणते, कर्जाला काय घाबरायचं, फाळक्यांनीही दागिने मोडलेच होते.

उत्तर: मुंबईला जा, पण आठ महिन्यांनी. आणि घर तारण ठेवून कोर्स करू नका.

कोर्स वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. चांगल्या संस्थेत शिकवणारे भेटतात, सोबतची मुलं पुढे दिग्दर्शक होतात आणि कामं देतात, चुका करायला मोकळीक मिळते. पण तुम्ही निवडलेलं खातं संकलनाचं आहे. कॅमेरा शिकायला महागडा कॅमेरा, लेन्स, लाइट हाताळायला मिळावे लागतात. एडिटिंगला एक बरा संगणक आणि दुसऱ्यांनी शूट केलेलं भरपूर फुटेज पुरतं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती तुम्ही वापरत असालच. एडिट टेबलवर कोणी प्रमाणपत्र मागत नाही, "काय कापलंयस ते दाखव" म्हणतात. दाखवायला तुमच्याकडे दोन वर्षांचं काम आहे.

आता कर्ज. शैक्षणिक कर्ज घेतलं तरी साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, म्हणजे घर दोन्हीकडे आलंच. १४ लाख, व्याज १०.५ टक्के धरू. कोर्सचं वर्ष आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. दोन वर्षांनी मुद्दल १६.९४ लाख होतं आणि सात वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण २८,५०० बसतो. एकूण परतफेड २४ लाखांच्या आसपास. घर तारण ठेवून साधं मालमत्ता कर्ज काढलंत तर ती दोन वर्षांची सवलतही नाही. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होईल, आणि त्याच सुमारास वडिलांचा पगार थांबून पेन्शन सुरू होईल.

खरी अडचण हप्त्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या स्वभावात आहे. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला येणार आणि तुमची कमाई कधी येईल ते निर्मात्यालाही सांगता येणार नाही. वर्षभराच्या कोर्सनंतरही सुरुवात १८,००० ते २५,००० वरच होणार असेल, तर १४ लाखांनी तुमचा पगार वाढवला नाही, फक्त तुमचा खर्च २८,५०० नी वाढवला. आणि मग तुम्ही करायची ती कामं न करता, हप्ता निघेल ती कामं धरत बसाल.

शिकायचंच असेल तर पुण्यातच एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आहे. लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, १९६० पासून. तिथल्या संकलनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते, जागा मोजक्या, पण संस्था सरकारी असल्यानं फी खासगी संस्थांच्या मानानं बरीच कमी. कोलकात्याची सत्यजित राय संस्थाही त्याच धर्तीवर चालते. या आठ महिन्यांत परीक्षा जाहीर झाली तर एकदा द्या. मिळालं तर पुढचा सगळा हिशेब नव्यानं मांडू. नाही मिळालं तर त्यासाठी आणखी एक वर्ष पुण्यात थांबू नका.

आठ महिनेच का? पाच वर्षं पुरी झाली की तुम्हाला ग्रॅच्युइटी मिळते. २८,००० मूळ पगारावर १५ दिवसांच्या हिशेबानं पाच वर्षांचे साधारण ८०,००० होतात, तेही करमुक्त. आज राजीनामा दिलात तर ते कंपनीकडेच राहतात. नोटीस दोन महिन्यांची असेल तर राजीनामा सहा महिन्यांनी द्यायचा, पण शेवटचा दिवस पाच वर्षं उलटल्यावरचाच असू दे. एचआरकडून ती तारीख लेखी घ्या.

तेव्हा तुमच्याकडे काय असेल ते मोजू. आजचे ६.८ लाख, आठ महिन्यांची बचत १.६ लाख, ग्रॅच्युइटी ०.८ लाख, म्हणजे ९.२ लाख. त्यातले १.५ लाख वेगळ्या खात्यात. आजारपण किंवा सांगलीला काही झालं तरच त्यांना हात लावायचा. संगणक, मॉनिटर, हार्डडिस्क मिळून १.३ लाख. घराचं डिपॉझिट आणि बस्तान बसवायला ६०,०००. उरले ५.८ लाख.

मुंबईचा महिन्याचा खर्च मी ३२,००० धरतो. अंधेरी, ओशिवरा, वर्सोव्याच्या बाजूला तिघींत मिळून खोली, बाहेरचं खाणं, रात्री दोनला सुटल्यावर रिक्षा. विरारला राहून भाडं वाचवता येईल, पण एडिटची वेळ लोकलच्या वेळापत्रकानं ठरत नाही. कमाईचे महिने वर्षाला बारा धरू नका, सात धरा. सात महिने १८,००० म्हणजे १.२६ लाख. खर्च ३.८४ लाख. वर्षाची तूट २.५८ लाख. ५.८ लाखांत ही तूट साधारण २७ महिने भागते. ईपीएफला हात न लावता, कोणाचं एक रुपयाचं देणं नसताना. १४ लाखांच्या कोर्सच्या बदल्यात तुम्ही हे विकत घेताय.

हा हिशेब कागदावरचा आहे, आणि या धंद्यात पैसे उशिरा येतात. मालिकांच्या कामात ९० दिवसांनी पेमेंट ही जुनीच रीत आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरअखेर. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांचे ९६,००० पूर्ण तुमच्या खिशातून जाणार. चित्रपटात रक्कम टप्प्यांनी ठरते आणि शेवटचा टप्पा फायनल कटनंतर. फायनल कट किती वेळा 'फायनल' होतो हे तुम्हाला मित्रांच्या लघुपटांवरून कळलंच असेल. म्हणून ५.८ लाखांतले किमान दोन लाख बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा एफडीत ठेवा. म्युच्युअल फंड इक्विटीचे असतील तर निघण्याआधीच्या महिन्यांत थोडे थोडे विकून एफडीत आणा. दोन वर्षांत लागणारा पैसा बाजाराच्या भरवशावर ठेवायचा नसतो. वर्षाहून जुन्या युनिट्सवरचा नफा आर्थिक वर्षात १.२५ लाखाच्या आत असेल तर त्यावर कर नाही.

मालिकेचं काम मिळत असेल तर नाक मुरडू नका. चित्रपटाच्या स्वप्नानं आलेल्या मुलांना डेली सोपचं एडिट कमीपणाचं वाटतं. पण रोज एक भाग कापायचा म्हणजे हात जितका वेगानं बसतो तितका दुसरीकडे बसत नाही, आणि पैसे उशिरा का होईना, दर महिन्याचे असतात. काही मराठी मालिकांचं शूटिंग कोल्हापूर, सातारा, नाशिककडे सरकलं आहे, ते तुमच्या घराजवळ आलं म्हणून वडिलांना आनंद होईल. तुमचं टेबल मात्र बहुधा मुंबईतच असेल.

कराचं थोडक्यात. स्टुडिओ तुम्हाला नोकर म्हणून नव्हे, व्यावसायिक म्हणून पैसे देईल, तेव्हा बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस कापेल. १८,००० ठरले तर हातात १६,२००. तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल, म्हणून कापलेलं सगळं परत मिळतं, पण विवरणपत्र भरलं तरच. या क्षेत्रातली मुलं "माझं उत्पन्नच नाही" म्हणून विवरणपत्र भरत नाहीत आणि वर्षाला दहा-बारा हजार सरकारकडे सोडून देतात.

आरोग्य विमा राजीनाम्यानंतर पाहू असं म्हणू नका. कंपनीचं संरक्षण शेवटच्या दिवशी संपेल. वैयक्तिक पॉलिसी आत्ताच घ्या, पगार चालू असताना. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा दावा मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती मुदत नोकरीतच सुरू होऊ दे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. ईपीएफ मात्र तिथेच राहू दे. नोकरी सुटली तरी त्यावर व्याज मिळत राहतं.

आईंचा मुद्दा. फाळक्यांचे दागिने गेले हे खरं. पण त्या कहाणीतलं दुसरं कोणी सांगत नाही. लंडनला जाण्यासाठी त्यांनी तारण ठेवल्या त्या स्वतःच्या विमा पॉलिसी. परत आल्यावर लगेच मोठा चित्रपट हाती घेतला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते चित्रित केलं आणि ती छोटी फिल्म दाखवून दुसऱ्यांचं भांडवल उभं केलं. 'राजा हरिश्चंद्र'चा ३ मे १९१३ चा खेळ त्यानंतरचा. दाखवायला हातात काही असेल तर पैसा दुसऱ्याचा लावता येतो. वडिलांच्या घराचा नंबर त्यात शेवटचा असावा, आणि तुमच्या बाबतीत तो येऊच नये.

२७ महिन्यांची मुदत मात्र मनापासून पाळा. बारा महिन्यांनी स्वतःला विचारा, तुम्ही एकटीनं कापलेलं आणि श्रेयनामावलीत तुमचं नाव असलेलं काही आहे का. चोवीस महिन्यांनी विचारा, गेल्या सहा महिन्यांची सरासरी कमाई ३२,००० च्या जवळ गेली का. दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर उरलेल्या तीन महिन्यांत नोकरी शोधायची, पैसे संपल्यावर नाही. मधल्या काळात कंपन्यांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ, लग्नाच्या फिल्म, यूट्यूब चॅनेलं, जे मिळेल ते कापा. त्यात कसली लाज.

महिनाअखेरचा १ लाख भरू नका. 'जागा संपत आल्या' हे वाक्य फ्लॅट विकणारेही वापरतात. तरीही मोह होत असेल तर संस्थेकडे दोन गोष्टी लेखी मागा: फी परतीचा नियम, आणि तीन वर्षांपूर्वी संकलन शिकून बाहेर पडलेल्या मुलांचे फोन नंबर. नंबर मिळाले तर त्या मुलांना हप्ता विचारा आणि कमाई विचारा.

अंधेरीच्या स्टुडिओला याच आठवड्यात फोन करा. आठ महिन्यांनी येईन, तोवर शनिवार-रविवारी फुटेज सिंक करायचं (चित्राशी आवाज जुळवायचं), लॉगिंगचं (शॉटची नोंद ठेवायचं) काम पुण्यातून करून देते, असं सांगा. ते थांबणार नाहीत असंही होईल. असिस्टंटची जागा या धंद्यात सारखी रिकामी होते, तेव्हा त्यासाठी ८०,००० सोडू नका. थांबायला तयार असतील तर पैसे किती दिवसांनी मिळतील, टीडीएस कापून प्रमाणपत्र देणार का आणि नाव पडद्यावर येणार का, हे आत्ताच विचारून ई-मेलवर घ्या.