स्कूटरच्या सायलेन्सरचा बेंड पाइप इंजिनाजवळच तुटलाय. वेल्डिंग करू की नवा घेऊ?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१८ची, रोज गोरेगाव ते अंधेरी. पावसात एका खड्ड्यात आदळली आणि तेव्हापासून ट्रॅक्टरसारखा आवाज करतेय. वाकून पाहिलं तर बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी, इंजिनाच्या तोंडापासून बोटभर अंतरावर तुटलेला. मेकॅनिक म्हणतो अख्खा सायलेन्सर बदला, शेजारी म्हणतात शंभर रुपयांत टाका मारून घ्या.

वेल्डिंग होतं, आणि नीट केलं तर टिकतंही. माझ्याच गाडीवर करून झालंय, म्हणून सांगतो. मी मेकॅनिक नाही. आयटीआयला फिटर झालो, पुढे साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली. घर वर्सोव्याला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. खाऱ्या हवेत गाडीचं काय होतं ते विचारू नका.

पाइप जोडणं हे यातलं सोपं काम आहे. गाडी खरी अडते ती हेडवरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या, दोन नटांपाशी. बेंड पाइपचा फ्लँज (टोकाची चपटी कडी) तिथे दोन स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, बसतो. स्टड लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं, वर इतक्या पावसाळ्यांचं पाणी आणि रोजची उष्णता. नट आणि स्टड गंजून एकजीव झालेले असतात. माझ्या वेळी गल्लीतल्या पोराने दहा नंबरची गोटी (सॉकेट पाना) लावली आणि जोर दिला. पहिला नट करकरत सुटला. दुसरा आधी अजिबात हलेना, मग एकदम मऊ फिरायला लागला, लोण्यात सुरी फिरावी तसा. त्याने हात थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कट गया, साहब." तीनशे रुपयांचं वेल्डिंग राहिलं बाजूला, हेडमधून तुटका स्टड काढण्यात अख्खा दिवस आणि दीड हजार गेले.

म्हणून गाडी गॅरेजला नेण्याच्या आदल्या रात्री, इंजिन पूर्ण थंड असताना, दोन्ही नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारा. झोपण्याआधी पुन्हा एकदा, सकाळी पुन्हा. नट सोडताना एका दमात ओढू नका. पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, परत उलटा, असं खेळवत आणा. तरीही हलला नाही तर मेकॅनिकला हेडचा तेवढा भाग टॉर्चने गरम करायला सांगा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे स्टडवरची पकड ढिली होते. मात्र पेट्रोलची टाकी, पाइप आणि तो स्प्रे, तिन्हींचा विचार करूनच टॉर्च पेटवायचा. घरी हा उद्योग करू नका. आणि स्टड तुटलाच तर त्याच्या टोकावर नट वेल्ड करून काढून बघतात. तेही जमलं नाही तर ड्रिल मारून नवे आटे पाडतात किंवा इन्सर्ट, म्हणजे आट्यांची नवी नळी, बसवतात. हे काम फक्त हात बसलेल्या माणसाकडे द्या. ड्रिल तिरकं गेलं तर हेडच बदलावं लागतं.

आता वेल्डिंग. या पाइपचा पत्रा पातळ असतो. साधं आर्क वेल्डिंग मारणारा जरा घाईचा असला की भोक पाडतो, मग भोक बुजवायला आणखी माल ओततो आणि जोड बेढब होतो. आर्गन वेल्डिंगवाला शोधा. साकीनाका-कुर्ला पट्ट्यात बरेच आहेत. पितळेच्या काडीने जोडून देणारेही भेटतील, पण इंजिनाच्या इतक्या जवळ मी ते करणार नाही. नळाला लावतात ती इपॉक्सी पुट्टी तर विसराच, तासाभरात जळून गळून पडेल.

वेल्डरकडे नुसते दोन तुकडे घेऊन जाऊ नका. आधी दोन्ही तुकडे गाडीवर बसवून फ्लँज आणि मागचे बोल्ट हलक्या हाताने आवळायचे, तुटलेली तोंडं जुळवायची आणि जोडावर कानशीने तीन-चार आडव्या खुणा करायच्या. या खुणा जुळवूनच वेल्डरने टाके मारायचे. पूर्ण वेल्डिंगच्या आधी पाइप पुन्हा गाडीवर लावून बघायचा. अंदाजाने जोडलेला पाइप दोन-तीन मिलिमीटर जरी वाकडा बसला तरी तो ओढून बोल्टात बसवतात, आणि तो ताण कायमचा त्या जोडावर राहतो. गाडीवर असताना वेल्डिंग करू देऊ नका. तुटलेल्या जागेच्या आजूबाजूला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा वेल्डिंग धरणार नाही. मग तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, नवाच घ्या.

परत बसवताना फ्लँजच्या आतली गॅस्केट रिंग नवीन हवी. जुनी दबून गेलेली असते, तीच घातली की आठवड्यात फुसफुस सुरू. स्टडवर कॉपर ग्रीसचं बोट फिरवा, पुढच्या वेळी माझी आठवण काढाल. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, आधी एक पूर्ण आणि मग दुसरा असं नको. नंतर थंड इंजिन चालू करून शेपटीच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबा आणि जोडापाशी कान द्या. फुस्स ऐकू आलं तर गळती आहे. हे उघड्यावरच करा. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

आणि पाइप तुटला का, हे पाहिल्याशिवाय काहीच करू नका. खड्ड्याला शिव्या द्या, त्याची तेवढी लायकी आहेच, पण स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचं चाक एकत्रच वर-खाली होतं, आणि सायलेन्सर त्या इंजिनालाच बांधलेला असतो. मागचे बोल्ट घट्ट असतील तर खड्ड्यात तो इंजिनाबरोबरच उडतो. बोल्ट ढिला असेल किंवा पडला असेल तर सगळं वजन त्या बारीक बेंडवर लटकतं आणि प्रत्येक थरथरीला तो वाकतो. माझ्या गाडीचा एक बोल्ट गायब होता. कधी पडला, देव जाणे. तुमचेही मोजून बघा.

तुमची गाडी बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या नियमांची), कार्ब्युरेटरची असणार, त्यामुळे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची भानगड बहुधा नाही. हे वाचणाऱ्या ज्यांच्या गाड्या १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ आहेत, त्यांनी वेल्डिंगआधी सेन्सर काढून ठेवा. तिथे गळतीतून बाहेरची हवा आत गेली की सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर उगाच जास्त पेट्रोल सोडतो.

नवा घ्यायची वेळ आली तर चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला स्वस्त लोकल सायलेन्सर दाखवतील. आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, आहे का ते विचारा. नसेल तर पीयूसीला अडकू शकता. जुना सायलेन्सर भंगारवाल्याला किलोच्या भावात देऊ नका. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, दोन ठिकाणी भाव विचारा.

वेल्डिंग झाल्यावर चार-पाच दिवस गाडी चालवा, मग रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर ते दोन नट पुन्हा एकदा तपासा. गॅस्केट बसते तशी ते हमखास पाव फेरा ढिले मिळतात.