खाऱ्या पाण्याच्या टाकीत हात घालण्यापूर्वी

बोटावरच्या चिरेला माशांच्या टाकीचे पाणी चुरचुरते, ते मिठामुळेच असेल असे समजून सोडून देऊ नका. हीटरची काच तडकली की 230 व्होल्टचा प्रवाह खाऱ्या पाण्यात सहज उतरतो, म्हणून आधी एमसीबी पाडा, प्लग काढा आणि मगच हात घाला. एमसीबी वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका) जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. आरसीसीबी नसताना टायटॅनियमचा अर्थिंग प्रोब (पाण्यात बुडवून अर्थिंगला जोडायची सळई) मात्र लावू नका, कारण उपकरण बिघडल्यास प्रवाहाला पाण्यातून कायमची वाट मिळते आणि तो तोडणारे कोणीच नसते.

मल्टिमीटरने पाण्यात 20-30 व्होल्ट दाखवले, तर तेवढ्यावरून दोष ठरत नाही. धडधाकट पंपाच्या गुंडाळीमुळेही असा आकडा दिसतो. एकेक उपकरण बंद करत जा, आणि ज्याच्यापाशी तो एकदम कोसळेल त्याच्यावर संशय घ्या.

माझ्याकडचा दोष तर पाण्याबाहेर निघाला: वायरवरून ओघळलेल्या पाण्याने एक्स्टेन्शन बोर्डाच्या भोकांत मिठाचे पांढरे पापुद्रे साचले होते आणि प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. तेव्हापासून बोर्ड टाकीच्या बाजूला उंचावर लावला आहे आणि प्रत्येक वायर खाली झोळ देऊनच वर नेतो, म्हणजे थेंब झोळाशीच गळून पडतो.