शेवग्याची वाळकी फांदी राहू द्या

प्रश्न : आमच्या घरामागे शेवगा, आंबा आणि जास्वंदीचं कुंपण आहे. दिवाळीनंतर एक तपकिरी पक्षी भिंतीवर येऊन बसतो आणि सारखी शेपटी थरथरवतो. जास्वंदीवर दुसरा एक चिमुकला, पिवळसर, गळ्यावर काळी रेघ असलेला पक्षी येतो. पुस्तकात तो सापडत नाही. हे कोण? त्यांना भात-पोळी ठेवावी का? शिवाय माळी शेवग्याची वाळलेली फांदी तोडू म्हणतो, तोडू द्यावी का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : माळ्याला पावसाळ्यापर्यंत थांबवा, हे आधी सांगते. माघ सरत आला की तांबट घरासाठी जागा शोधू लागतो आणि त्याला अशीच वाळकी, मऊ पडलेली फांदी हवी असते. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल आणि गळ्याखाली लाल पट्टा. तो बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक पाडतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही. झाडाखाली ताजा भुसा दिसला तर मान वर करून बघा. उन्हं तापली की एका सुरात ‘टुक् टुक् टुक्’ चालू असतं ना, तो हाच. बोलताना चोच मिटलेली आणि गळा मात्र फुगतो. दुर्बीण असेल तर हे एकदा बघाच. फांदी वाटेवर लोंबत असेल तर टोकाकडची तेवढी उतरवा.

जास्वंदीवरचा तुमचा पक्षी शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी. पुस्तकात बहुतेक वेळा विणीच्या काळातल्या नराचं चित्र असतं, चकचकीत निळं-जांभळं. वीण आटोपली की तो रंग उतरतो आणि नर जवळजवळ मादीसारखा दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंतची काळी रेघ तेवढी उरते. आता त्याच्याकडे रोज बघत जा. पिसं बदलताना पिवळ्यात मध्येच गडद निळे ठिपके उगवतात, ते पसरत जातात आणि शेवटी तो सावलीत काळा, उन्हात जांभळा दिसू लागतो. हा अर्धवट रंगलेला शिंजीर मला पूर्ण रंगलेल्यापेक्षा प्रिय आहे, कारण तो थोडेच दिवस भेटतो. मादी पुढे एखाद्या वेलीला, कधी बाल्कनीतल्या वायरीलासुद्धा, घरटं टांगते. कोळिष्टकं, काटक्या, वाळकी पानं. लांबून कचराच वाटतो. झाडू फिरवण्याआधी त्याला बाजूनं दार आणि दारावर छोटीशी पडवी आहे का ते तपासा.

भिंतीवरचा थिरथिरा. तपकिरी म्हणजे मादी. नर काळा आणि पोटाखाली विटकरी. उन्हाळा लागता लागता ही मंडळी हिमालयाकडे आणि मध्य आशियाकडे परततात. म्हणूनच मला हे आठवडे फार मोलाचे वाटतात. पाहुणे अजून मुक्कामाला आहेत आणि इथल्यांची लगबगही सुरू झाली आहे. पहाटे दयाळ गाऊ लागला असेल, कान देऊन ऐका.

भात-पोळी नका ठेवू. थिरथिरा किडे टिपतो, शिंजीर मकरंद आणि कोळी खातो, तांबट वड-उंबराची फळं. तुमच्या भातावर कावळे आणि पारवेच जमतील. त्यापेक्षा मातीच्या पसरट परळात दोन बोटं पाणी ठेवा, मधे एक दगड, आणि पाणी रोज बदला. मांजर दबा धरू शकेल अशा झुडपाला खेटून ठेवू नका. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे दिसले म्हणून लगेच फवारणीही करू नका. घरच्या एका झाडाला ती लागत नाही, आणि पक्ष्यांच्या पिल्लांचं जेवण त्या किड्यांवरच असतं.

एखाद्या सकाळी सातच्या आत गोरेवाड्याच्या बाजूला जा आणि फुललेला एकच पळस धरून बसा. भटकत राहिलात तर कमी दिसतं. शिंजीर, मैना, बुलबुल सगळे तिथे येतात, आणि नशीब असेल तर पळसमैनांचा थवाच उतरतो, गुलाबी अंग आणि काळं डोकं. परतताना पानगळ झालेला पिंपळ लागला तर शेंड्याकडे नजर टाका. कोवळ्या उन्हात हरियाल तिथे अंग शेकत बसतात. आपल्या राज्याचा पक्षी असून किती जणांनी तो धड पाहिलेला नसतो! रंग पानांत मिसळतो म्हणून. आत्ता पानं नाहीत, तेव्हा पिवळे पायसुद्धा दिसतील.