40 चा वेग पुरत नाही, की तो वरच्या मजल्यावर पोहोचतच नाही?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या रामबागेतले एक निवृत्त शिक्षक लिहितात: "घरात सहा माणसं. 40 एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) देणारा 499 रुपयांचा इंटरनेट प्लॅन आहे, बिल माझ्या पेन्शनमधून जातं. मुलगा सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस तिसऱ्या मजल्यावरून काम करतो आणि मीटिंग मध्येच अडकते म्हणून वैतागतो. इंटरनेट कंपनीचा माणूस 999 मध्ये 200 एमबीपीएस आणि वर ओटीटी (ऑनलाइन चित्रपट-मालिकांची ॲप्स) देतोय. अकरा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर बारावा महिना फुकट. घ्यावं का?"

काका, नमस्कार. आधी खरा खर्च पाहू, कारण 499 आणि 999 हे दोन्ही आकडे अर्धवट आहेत. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे आज तुम्ही साधारण 589 भरता, उद्या 1,179 भराल. फरक महिन्याला 590, वर्षाला 7,080. हेच पैसे एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा) टाकले तर पंधरा वर्षांनी किती होतील, हे गणित मी मांडणार नाही. इंटरनेटचे वाचलेले पैसे एसआयपीत टाकणारं घर मला अजून भेटायचंय. ते भाजीत आणि पेट्रोलमध्ये जिरतात. प्रश्न एवढाच की हे 7,080 मुलाची मीटिंग सुरळीत करतील का.

मला शंका आहे. मीटिंगच्या व्हिडिओला चांगल्या दर्जात तीन-चार एमबीपीएस लागतात, जाताना आणि येताना. टीव्हीवर फोर-के चित्रपट लावला तर 15 च्या आसपास, साध्या एचडीला पाच. काकूंची मालिका, नातवाचं कार्टून, मुलाची मीटिंग आणि दोन-तीन फोन एकाच वेळी चालले तरी बेरीज तिशीच्या आसपास थांबते. 40 त कसंबसं नाही, नीट बसतं. तरीही मीटिंग अडकते, याचा अर्थ तो वेग तिसऱ्या मजल्यापर्यंत जातच नसावा.

तुम्ही लिहिलंय की घर जुनं आहे, भिंती हातभर जाड आहेत आणि राउटर खाली बैठकीत टीव्हीच्या मागे ठेवलाय. अहो, इथेच अर्धं उत्तर मिळालं! वायफायचे दोन पट्टे, म्हणजे लहरींचे दोन प्रकार, असतात. 5 गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानतो. 2.4 चा भिंतीतून जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (लहरींच्या वाटा) तीनच, आणि रामबागेसारख्या दाट वस्तीत आजूबाजूचे सगळे राउटर त्याच तिनांवर असतात. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या गर्दीत चार दुकानांपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी गत होते. प्लॅन 200 चा घेतला म्हणून भिंत पातळ होत नाही. शिवाय राउटर जुना असेल तर त्याचं केबलचं पोर्टच 100 च्या पुढे जात नाही. मग 200 चे पैसे भरून तुम्हाला त्याचं अर्धंच मिळणार.

म्हणून पैसे भरण्याआधी एक काम करा. मुलाचा लॅपटॉप राउटरला केबलने जोडा आणि वेग मोजा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला, जेव्हा सगळी गल्ली ऑनलाइन असते. मग केबल काढून तिसऱ्या मजल्यावर पुन्हा मोजा. डाउनलोडबरोबर अपलोडचाही, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या वेगाचाही, आकडा लिहून ठेवा, मीटिंगमध्ये बहुधा तोच रडवतो. केबलवर 38-40 आणि वर पाच-सहा आले, तर दोष घरातला आहे. केबलवरच रात्री दहा-बारा आले, तर दोष लाइनचा. तेव्हा त्याच कंपनीचा महाग प्लॅन घेणं म्हणजे ज्याने काम बिघडवलं त्यालाच बक्षीस. आधी तक्रार करा, नाही सुधारलं तर शेजारी कोणाची लाइन चांगली चालते ते विचारा. आणि केबलवरही 40 पुरे मिळतात, पण संध्याकाळी ते सगळे वापरलेच जातात, असं दिसलं तरच मोठ्या प्लॅनचा विचार करा.

माझा अंदाज पहिल्या शक्यतेचा, म्हणजे दोष घरातला असण्याचा आहे. त्यावर उपाय एकदाच खर्चाचा: खालून वर एक केबल ओढायची आणि वर दुसरा ड्युअल बँड (दोन्ही पट्ट्यांचा) राउटर बसवायचा. राउटर दीड ते अडीच हजार, केबल आणि ओढणाऱ्याची मजुरी मिळून हजारभर धरा. साडेतीन हजारांत काम होतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरावं लागत नाही. भिंतीवर वायर दिसेल म्हणून काकू नाराज होतील, तेवढं सांभाळा. तीस-पस्तीस मीटर केबलमध्ये वेग कमी होत नाही, ती काळजी नको. वीज गेल्यावर मीटिंग तुटत असेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएसही (बॅटरीवर चालू ठेवणारा डबा) घ्या, हा फरक कुठलाच प्लॅन भरून काढत नाही.

आता अकरा महिन्यांचं आमिष. ते वाईट नाही, उलट हिशोबाने चांगलं आहे. अकराचे पैसे आगाऊ देऊन बारा मिळतात, म्हणजे त्या पैशांवर वर्षाला साधारण 20 टक्के परतावा. एफडी एवढं देत नाही. पण हा फायदा ज्या प्लॅनवर तुम्ही नक्की वर्षभर राहणार आहात त्यालाच लागू. न तपासलेल्या 200 च्या प्लॅनसाठी जीएसटीसकट जवळपास 12,970 रुपये आज अडकवणं, तेही पेन्शनमधून, मला पटत नाही. सध्याच्या 499 वर अशी सवलत मिळत असेल तर मात्र जरूर घ्या.

ओटीटीचं काय? त्यातलं जे तुम्ही एरवीही विकत घेतलंच असतं, तेवढ्याचीच किंमत धरा. बाकीचं फुकट नाही, ते तुमच्या 590 मधूनच आलंय. आणि टीव्हीवर चालतं की फक्त फोनवर, हे विचारून घ्या. अनेकदा पॅकमध्ये फक्त मोबाइलची आवृत्ती असते आणि घरी आल्यावर कळतं.

मोजल्यावर खरंच वाढवायची वेळ आली, तर त्या माणसाला मधल्या प्लॅनबद्दल विचारा. 100 एमबीपीएसचे प्लॅन 700 च्या आसपास असतात, ते तो स्वतःहून दाखवत नाही. त्यात फरक महिन्याला 237 पर्यंतच येतो, आणि सहा माणसांना 100 भरपूर झालं. महिन्याच्या हिशोबाने घ्या, नंतर पुन्हा स्वस्त प्लॅनवर येता येतं का ते आधी विचारा.

शेवटी पैसे कोणी द्यायचे. गरज मुलाच्या कामाची आहे, पण घरचं बिल वडिलांनीच भरायचं ही तुमची सवय मी समजू शकतो. तरी त्याला एवढं विचारायला सांगा: कंपनी इंटरनेटचा भत्ता देते का? देत असेल तर बिल बहुधा त्याच्याच नावाचं लागेल. जोडणी त्याच्या नावावर करून घ्या, ओळखपत्राची प्रत लागते, काम फार नाही. भत्ता मिळाला तर 100 चा प्लॅन खुशाल घ्या. नसेल तर वरच्या राउटरचे साडेतीन हजार त्याने द्यावेत आणि तुम्ही 589 भरत राहावं.