समोरून जोराचा वारा असेल तर सायकलने ऑफिसला कसं जावं?

तुम्ही विचारलंय की एरवी सहज होणारं अंतर वाऱ्याच्या दिवशी जीव काढतं, तर ताकद वाढवावी की सायकल बदलावी. मी बरीच वर्षं रोज सायकलने कामाला जातो. आधी वेगाचा हट्ट सोडा, असं मी सांगेन.

ताशी 20 किमीने जाताना समोरून 20 किमीचाच वारा आला, तर अंगावर येणारी हवा 40ची होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो थेट चौपट होतो. तेवढा जोर रोज कुठून आणणार? दोन गिअर हलके करा, पाय नेहमीच्या लयीत फिरू द्या, वेग 14वर आला तर येऊ द्या. 10 किमीला 30ऐवजी 43 मिनिटं लागतील, तेवढं लवकर निघा. परतताना वारा पाठीशी असला तरी सगळी भरपाई होत नाही. 26च्या वेगाने आलात तरी वाचतात जेमतेम 7 मिनिटं.

विरोधाचा मोठा वाटा आपल्या शरीराचा असतो. कोपरं वाकवून छाती खाली घ्या, फडफडणारं जाकीट घट्ट बंद करा. नवी सायकल घेण्याआधी एवढं करून बघा, फरक लगेच जाणवतो.

समोरच्या वाऱ्याने फक्त दमायला होतं. मला खरी काळजी वाटते ती आडव्या वाऱ्याची. शेजारून ट्रक गेला की वारा क्षणभर अडतो, आपण वाऱ्याकडे झुकलेले असतो म्हणून ट्रककडे ओढले जातो, आणि तो पुढे सरकला की झोत पुन्हा आदळतो. इमारतींची रांग संपते तिथे आणि पुलावरही असाच धक्का बसतो. अशा जागी वेग आधीच कमी करा, हँडल दोन्ही हातांनी पण सैल धरा आणि रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नका, ढकलले गेलात तर सावरायला जागा हवी. उंच रिमची, म्हणजे टायरच्या आतल्या बाजूला रुंद कडा असलेली चाकं असतील तर वाऱ्याच्या दिवशी पुढचं तरी साधं लावा.

हवामानाच्या ॲपमध्ये सरासरी वेगाशेजारी झोतांचा वेग वेगळा दिलेला असतो, निघण्याआधी तो बघा. झोत 60च्या वर असतील तर मी सायकल घरी ठेवतो. झाडं मुळापासून हलताना दिसली तर आकडा न बघताही.