जपानमध्ये रक्तगट विचारला जातो तेव्हा

तोक्योत नोकरीसाठी सपत्नीक येण्याच्या तयारीत असताना तुम्ही विचारले आहे की, जपानी लोक रक्तगटावरून स्वभाव ठरवतात हे खरे का, आणि तुमचा गट बी पॉझिटिव्ह व पत्नीचा ए निगेटिव्ह असल्याने काही अडचण येईल का. तुमच्या गटामुळे चार विनोद ऐकावे लागतील, इतकेच. पत्नीच्या गटाकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागेल, पण त्याचा स्वभावाशी काही संबंध नाही.

आपल्याकडे रास जितक्या सहजपणे विचारतात, तितक्याच सहजपणे इथे ‘नानी-गाता?’ म्हणजे ‘गट कोणता?’ असे विचारतात. प्रसंग बहुधा ‘नोमिकाई’चा, म्हणजे कार्यालय सुटल्यावर सहकाऱ्यांसोबत होणाऱ्या खाण्यापिण्याच्या बैठकीचा असतो. तुम्ही ‘बी’ म्हणालात की कोणीतरी ‘याप्पारी!’, म्हणजे ‘वाटलंच होतं!’, असे म्हणून हसेल. ए गटाची माणसे काटेकोर आणि मनाला लावून घेणारी, ओ गटाची दिलदार, एबीची थांग न लागणारी आणि बीची आपल्याच तालात चालणारी, असा समज आहे. जपानमध्ये ए गट सुमारे चाळीस टक्के, ओ तीस, बी वीस आणि एबी दहा टक्के लोकांचा आहे. अल्पसंख्य बी आणि एबी यांच्याच वाट्याला बोल अधिक यावेत, यात मला तरी काही गूढ दिसत नाही. हे इतके मुरलेले आहे की 2011 मध्ये पुनर्बांधणी मंत्री र्‍यू मात्सुमोतो यांनी त्सुनामीग्रस्त भागातील राज्यपालांशी उद्धटपणे बोलल्यावर आपल्या बी गटाचे कारण पुढे केले; पद मात्र त्यांना काही दिवसांतच सोडावे लागले.

ही समजूत प्राचीन नाही. शिक्षिका घडवणाऱ्या तोक्योतील एका संस्थेतले प्राध्यापक ताकेजी फुरुकावा यांनी 1927 मध्ये आप्त, सहकारी आणि विद्यार्थिनी अशा मोजक्या लोकांच्या निरीक्षणावरून ती मांडली. पुढे ती मागे पडली आणि वैद्यकाचे शिक्षण नसलेले लेखक मासाहिको नोमी यांच्या 1971 च्या पुस्तकाने घरोघरी पोहोचली. दूरचित्रवाणीवर अशा कार्यक्रमांचा सुळसुळाट झाल्यावर 2004 मध्ये प्रसारणाच्या आचारसंहितेवर देखरेख करणाऱ्या संस्थेने वाहिन्यांना आवर घालण्यास सांगितले. 2014 मध्ये जपान आणि अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातही रक्तगट आणि स्वभाव यांचा अर्थपूर्ण संबंध आढळला नाही.

नोकरीसाठी निवड करताना पात्रता आणि क्षमता यांपलीकडचे प्रश्न विचारू नयेत, अशी सरकारी सूचना आहे. तरीही मुलाखतीत कोणी विचारलेच, तर वाद न घालता उत्तर द्यावे; खोटे सांगण्यात काहीच फायदा नाही. रक्तगटावरून छळ होण्याला इथे ‘बुराहारा’ असे नावही आहे, म्हणजे तसे प्रकार घडतात. वरिष्ठ सतत टोमणे मारू लागले, तर मनुष्यबळ विभागाला लेखी कळवावे. (कंपनीने पुढे दक्षिण कोरियात सोलला पाठवले, तर तिथेही हीच चर्चा आहे, पण अलीकडे तरुण मंडळी त्याऐवजी ‘एमबीटीआय’ या स्वभावचाचणीतून मिळणारी चार अक्षरे विचारतात.)

आता पत्नीबद्दल. गप्पांमध्ये पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, म्हणजे ‘आरएच’ गट, कोणी विचारत नाही, कारण जपानमध्ये दोनशे जणांत एखादाच निगेटिव्ह असतो. भारतात हे प्रमाण शंभरात साधारण पाच आहे. म्हणजे त्यांना रक्त चढवण्याची वेळ आली, तर त्यांच्या गटाचे रक्त इथे अधिक दुर्मीळ. गरोदरपणाचा विचार असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगावे, आणि पूर्वी गर्भपात, प्रसूती किंवा रक्तसंक्रमण झाले असेल, अँटी-डीचे (निगेटिव्ह आईच्या शरीरात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) इंजेक्शन घेतले असेल, तर त्याचे कागद इंग्रजीत सोबत आणावेत. गरोदरपणाची नोंद केल्यावर नगरपालिकेकडून ‘बोशी-तेच्यो’ ही माता-बालक पुस्तिका मिळते. तीत रक्तगट आरएचसह लिहिला गेला आहे ना, हे पाहून घ्यावे. भारतातून रक्तगटाचे प्रमाणपत्र आणले, तरी रक्त देण्यापूर्वी रुग्णालय स्वतः तपासणी करतेच, त्यामुळे त्या कागदासाठी फार धावपळ करू नका. जुन्या उपचारांच्या नोंदी मात्र विसरू नका.